कुत्र्याच्या रेकॉर्डची जन्मतारीख

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत जुन्या रेकॉर्डी सापडल्या, सगळ्यांवर भोंग्यापुढे बसलेला कुत्रा. ही एचएमव्ही (हिज मास्टर्स व्हॉइस) नक्की कधीची आणि सारेगामा म्हणतात ती हीच का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : हो, हीच, नाव तेवढं 2000 साली बदललं. मूळ ग्रामोफोन कंपनी लंडनची, 1898 ची. आणि कुत्रा खरा होता बरं का, निपर नावाचा, पण चित्रकाराने आधी त्याला दुसऱ्याच मशीनपुढे बसवलेलं, 1899 ला कंपनी म्हणाली आमचं मशीन काढा मग घेतो चित्र, तर त्याने त्याच कॅनव्हासवर वरून रंग मारून ग्रामोफोन काढून दिला. निपर बिचारा तोवर जाऊन चार वर्षं झालेली.

आपल्याकडे खरी सुरुवात नोव्हेंबर 1902 ची, कलकत्त्यात गायिका गौहर जान यांचं रेकॉर्डिंग झालं ती. माइक वगैरे नव्हताच, भोंग्यात तोंड घालून गायचं आणि ख्याल असो की ठुमरी, तीनेक मिनिटांत उरकायचं, आणि संपता संपता बाई इंग्रजीत स्वतःचं नाव सांगायच्या कारण मेणावरचं रेकॉर्डिंग जायचं जर्मनीत हॅनोव्हरला, तिथल्या कारागिरांना गाणारं कोण ते कळायला नको का! 1908 ला कलकत्त्यातच सियालदहला कारखाना निघाला तेव्हा ही वारी थांबली. त्या पहिल्या रेकॉर्डींवर कुत्रा नसायचा, लेखणीने तबकडीवर लिहिणारा देवदूत असायचा, म्हणजे तुमच्या रेकॉर्डी इतक्या जुन्या नाहीत. लेबलवर बारीक अक्षरात डमडम दिसतंय का बघा, तो कलकत्त्याजवळचा कारखाना 1928 च्या सुमाराचा, म्हणजे रेकॉर्ड त्यानंतरचीच.

पुढचं भराभर सांगतो. 1931 ला मूळ कंपनी कोलंबिया या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीशी जुळून ईएमआय नावाची कंपनी झाली, 1946 ला भारतातली कंपनी रजिस्टर झाली, 80 च्या दशकात गोएंकांच्या आरपीजी उद्योगसमूहाकडे गेली, 2017 ला तो कारवाँ रेडिओ आला जो आता प्रत्येक आजीच्या उशाशी असतो.

मला विचाराल तर आपल्या मराठी घरांसाठी यातलं मोठं साल 1965, गीतरामायणाच्या 10 एलपी (जास्त वेळ वाजणाऱ्या मोठ्या तबकड्या) त्या वर्षी आल्या. पुणे आकाशवाणीवर 1955 पासून गाजलेली 56 गाणी, त्यातली बरीचशी तीन मिनिटांच्या तबकडीत मावणारीच नव्हती, एलपीच्या एका बाजूला वीसेक मिनिटं मिळायला लागली म्हणून बाबूजींच्या (सुधीर फडके) आवाजात ती अख्खी घरी आणता आली.

प्रश्न : या रेकॉर्डी स्पिरिटने पुसल्या तर चालतील का?

उत्तर : अजिबात नको!! 78 च्या, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या, जुन्या रेकॉर्डी लाखेच्या, स्पिरिटमध्ये लाख विरघळते, गाणंच पुसलं जाईल. मऊ ब्रशने धूळ झटका, बास. आणि एलपीची सुई त्यावर टेकवू नका, 78 ची खाच रुंद असते, तिला वेगळी सुई लागते.