आरोपी, आरोपित आणि ‘सरकारी वकील’

शिंदखेडा तालुक्यातल्या एका अप्पांनी विचारलं आहे: “पुतण्या वकील झाला. धुळ्याच्या कोर्टात आरोपींच्या बाजूनं उभा राहतो. घरातला पहिलाच वकील, बापानं जिनिंगमध्ये हमाली करून शिकवला. पण पारावर लोक त्याला ‘गुन्हेगारांचा वकील’ म्हणतात, जिवाला लागतं. बरोबर शब्द कोणता? ‘आरोपी’ चूक, ‘आरोपित’ म्हणा, असंही एकानं सांगितलं. आणि त्याच्या पाटीवर काय लिहावं?”

अप्पा, आधी ‘आरोपित’ घेतो, कारण तिथेच खरी गंमत आहे. आरोप म्हणजे मुळात चढवणं, रोवणं, लावणं. वृक्षारोपणातलं ‘आरोपण’ तेच. झाड लावताना आरोपित काय होतं? रोप. जमीन नव्हे. तसाच माणसावर गुन्हा लावला, तर काटेकोरपणे ‘आरोपित’ झाला तो गुन्हा. माणूस म्हणजे ती जमीन, जिच्यात कुणीतरी काहीतरी रोवलं. म्हणून माणसाला ‘आरोपित’ म्हणणं जास्त शुद्ध, हे मला पटत नाही. ऋण असलेला ऋणी, रोग असलेला रोगी, तसा आरोप असलेला आरोपी. हा वाद हिंदीतला आहे. तिथे काहींना ‘आरोपी’ म्हणजे आरोप करणारा वाटतो, म्हणून ते ‘अभियुक्त’ किंवा ‘आरोपित’ सुचवतात. मध्य प्रदेशातलं सेंधवा, बऱ्हाणपूर आपल्या खानदेशाला लागूनच, तेव्हा तो वाद इकडे यायला वेळ लागत नाही. पण मराठीत ‘आरोपी’चा अर्थ पक्का आहे, शेजारच्या गुजरातीतही तोच. तुम्ही बिनधास्त वापरा.

वेदान्तात ‘अध्यारोप’ असा शब्द आहे. अंधारात दोरी पडलेली असते, आपण तिच्यावर साप चढवतो, तो अध्यारोप. रावेर-यावलकडे रात्रीच्या लाइटीवर केळीला पाणी द्यायला गेलेल्याला ठिबकची काळी नळी कितीदा अशी दिसली असेल! मात्र कधी कधी तिथे खरोखर साप असतो. तो आहे की नाही, हे बॅटरी मारूनच ठरवायचं. ‘आरोपी’ हा शब्द बॅटरी मारण्याआधीचा आहे, म्हणून मला तो मोलाचा वाटतो.

‘गुन्हेगार’ तसा नाही. फारसीत ‘गुनाह’ला ‘गार’ लागला, आणि ‘गार’ म्हणजे करणारा. मदतगारातला तोच. म्हणजे हा शब्द उच्चारला की गुन्हा केलाच असं ठरलं, निकाल लागला. तुरुंगाच्या कारभारातही हा फरक पाळतात: खटला चालू असलेला तो न्यायाधीन बंदी, शिक्षा झालेला तो सिद्धदोष बंदी. लोक कच्चा कैदी, पक्का कैदी म्हणतात, तेही नेमकंच आहे. पारावरच्या मंडळींनी कच्च्याला पक्का करून टाकला, एवढंच झालं.

खरं तर आपल्या रोजच्या बोलीला हे सगळं ठाऊक आहे. पोलिसांनी कलम ‘लावलं’ म्हणतो. आंब्याचं कलमही लावतोच. आणि अहिराणीत आई सांगते, “मना पोऱ्यानं नाव केसमा टाकी दिनं.” म्हणजे माझ्या पोराचं नाव केसमध्ये टाकून दिलं. नाव टाकलं गेलं, बस. कुणी टाकलं, खरं की खोटं, यातलं काहीच ती माऊली गृहीत धरत नाही. याहून चोख व्याख्या मला देता येणार नाही.

आता ‘वकील’. अरबी शब्द, अर्थ ज्याच्यावर काम सोपवलं तो. पेशवाईत हिंगणे दिल्लीच्या दरबारात मराठ्यांचे वकील होते. धन्याचं म्हणणं मांडणं हे त्यांचं काम. कोर्टातला वकीलही सोपवलेलं म्हणणं मांडतो, म्हणून तर आधी वकीलपत्र लागतं. तेव्हा ‘आरोपीचा वकील’ हा शब्द सरळ आणि खरा आहे. लिहिताना ‘बचाव पक्षाचे वकील’ चालेल. ‘फौजदारी वकील’ने मात्र बाजू कळत नाही, कारण फौजदारी खटल्यात समोरचा सरकारी वकीलही असतोच.

आणि याच ‘सरकारी वकील’ शब्दावर मला तुमच्यापेक्षा जास्त बोलायचं आहे. एका तालुक्याच्या कोर्टात मी सातपुड्यातून आलेली एक पावरा आदिवासी आजी पाहिली. मुलगा कोठडीत. कुणीतरी तिला सांगितलं होतं, पैसे नसले तरी सरकारी वकील मिळतो. ती दिवसभर सरकारी वकिलांच्या मागे फिरली, मुलाची सगळी हकीकत त्यांनाच सांगत राहिली. ते तर खटला चालवणारे, तिच्या मुलाच्या विरुद्ध उभे! शेवटी एका शिपायानं तिला बाजूला घेऊन समजावलं. एका शब्दानं तिचा दिवस गेला, अन् आणखी काय गेलं कोण जाणे.

सरकारी वकील म्हणजे सरकारच्या बाजूचा. मोफत मिळतो तो विधी सेवेचा वकील. तो मिळण्याची सोय १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात आहे. कोठडीतली व्यक्ती, स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक यांना तो उत्पन्न न पाहता मिळू शकतो. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा. अलीकडे या कामासाठी ‘लोक अभिरक्षक’ असं पद आलं आहे. शब्द जड आहे. शिवाय हिंदीत ‘अभिरक्षा’ म्हणजे कोठडी, त्यामुळे सीमेवरच्या माणसाला तो उलटाच ऐकू येईल. मी तरी ‘विधी सेवेचा वकील’ असंच म्हणेन. पुतण्यालाही सांगा, कोर्टाच्या व्हरांड्यात कुणी ‘सरकारी वकील कुठे भेटतील’ विचारलं, तर रस्ता दाखवण्याआधी ‘तुमचं माणूस आत आहे का’ एवढं विचारत जा.

राहिली पाटी. तिथे शब्द शोधायची गरजच नाही. आपण अमुक प्रकारच्या कामात तज्ज्ञ आहोत असं वकिलानं पाटीवर दाखवायचं नाही, असा बार कौन्सिलचा नियम आहे. नाव लिहा, पुढे ‘वकील’ किंवा ‘अ‍ॅडव्होकेट’ लिहा. ‘आरोपीचा वकील’ हा शब्द तुम्हाला पारावर लागेल, तिथे मोठ्यानं वापरा.