इंग्लंडमधल्या डार्टमूर या माळरानावरच्या पोस्टब्रिज गावचा दगडी पूल खरंच अश्मयुगातला आहे का?

नाही, हा पूल मध्ययुगीन आहे; तो साधारण तेराव्या-चौदाव्या शतकातला मानला जातो. गैरसमज होतो तो दिसण्यामुळे. कमान नाही, चुना नाही. दगड रचून केलेल्या खांबांवर ग्रॅनाइटच्या अवाढव्य शिळा नुसत्या आडव्या टाकल्यात, आपल्या कोकणातल्या साकवासारख्या. एकेक शिळा चार मीटरहून लांब, दोन मीटर रुंद आणि आठ टनांहून जड. शिवाय आसपासच्या माळावर कांस्ययुगीन घरांची दगडी वर्तुळं आहेतच, त्यामुळे पूलही तसाच प्रागैतिहासिक मानला जातो.

पण पुलामागचं कारण मध्ययुगातलं आहे. डार्टमूरमध्ये तेव्हा कथिलाच्या खाणी जोरात होत्या आणि माल लादलेले घोडे टॅव्हिस्टॉक या गावाला न्यावे लागत. १३०५ मध्ये टॅव्हिस्टॉकला कथिल तपासून त्यावर शिक्का मारण्याचं अधिकृत केंद्र केलं गेलं. वाटेत पूर्व डार्ट नदी, आणि पावसात ती भरलेल्या घोड्याला उतार देत नाही. शेजारचा कमानीचा रस्तापूल मात्र बराच नंतरचा, १७८० च्या दशकातला.

एक लक्षात घ्या: तेराव्या-चौदाव्या शतकाचा अंदाज या व्यापारावरून बांधलेला आहे. पुलाची पहिली लेखी नोंद थेट १६५५ ची. आणि आज दिसतं ते सगळंच मूळ जागचं नाही. पडलेली एक शिळा १८८० मध्ये पुन्हा वर चढवली गेली.