शेतातल्या जुन्या बोडीची, म्हणजे छोट्या तळ्याची, मातीची पाळ मागून पाझरते. ती फुटणार तर नाही, हे कसं ओळखावं?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: भंडारा जिल्ह्यात साकोलीकडे घेतलेल्या जमिनीत एक जुनी बोडी आली. पाळ दोन पुरुष उंच, तिच्यावर मोहाची दोन मोठी झाडं, मागच्या पायथ्याशी दिवाळीपर्यंत ओल. मासे सोडणारा म्हणतो, सलंगावर, म्हणजे जादा पाणी जायच्या सांडव्यावर, मुरमाच्या गोण्या रचा, फूटभर पाणी जास्त राहील. खाली धानाच्या बांध्या (खाचरं) आणि चार घरं.

गोण्यांचं आधी सांगतो. रचू नका.

आमच्या वडिलांनी नेमकं हेच केलं होतं, तेही मासळीसाठीच. पोळ्याच्या आठवडाभर आधी रात्री पाऊस लागला. सलंग अडलेला, म्हणून पाण्याने पाळीवरची सगळ्यात खोलगट जागा शोधली, जिथून रोज ढोरं उतरायची. मी चौदा वर्षांचा, कंदील धरून उभा. पहिल्यांदा हातभर रुंदीचं पाणी गवत लोळवत मागच्या उतारावरून जात होतं. मग उताराच्या तळाशी मातीची एक पायरी पडली, आणि ती पायरी ढासळत ढासळत वर चढू लागली. ती माथ्याला पोचली तेव्हा वडिलांनी फावडं टाकलं आणि मला मागे ओढलं. अर्ध्या तासात बैलबंडी जाईल एवढं भगदाड पडलं. शेजाऱ्याच्या तीन बांध्यांत वाळू बसली. पुढची दोन वर्षं आमच्या घरून त्यांना धान मोजून जात होतं.

पुढे मी लघुपाटबंधाऱ्याच्या कामावर आयुष्य काढलं, तेव्हा कळलं की यात आमचं वेगळं काहीच नव्हतं. मातीची पाळ नुसत्या पाण्याच्या रेट्याने क्वचित जाते. एक तर पाणी तिच्या डोक्यावरून जातं, नाहीतर आतून माती वाहत राहते. हवाईतल्या कवाई बेटावर का लोको नावाचं उसाच्या मळ्यासाठी बांधलेलं जुनं मातीचं धरण खाजगी जमिनीवर होतं. १४ मार्च २००६ ला ते फुटलं, सात जण गेले. सांडवा बुजवला गेला असावा, असं चौकशीत निघालं.

तेव्हा सलंगाच्या उंबऱ्यापासून पाळीच्या माथ्यापर्यंत निदान एक मीटर उंची मोकळी हवी. डोळ्यावर विश्वास ठेवू नका. गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी काढतो, तशी दर दहा पावलांवर काढा. पाळ मधेच कुठेतरी बसलेली असतेच.

आता ओल. पाळीला समोरून, पाण्याच्या बाजूने बघून काही समजत नाही. मागे जा, पायथ्याने अनवाणी चाला. मातीची पाळ थोडी पाझरणारच, त्याला घाबरायचं कारण नाही. घाबरायचं ते गढूळ पाण्याला. मी डब्यासोबत एक स्टीलचा पेला ठेवायचो. पाझराचं पाणी त्यात धरायचं, रात्रभर झाकून ठेवायचं, सकाळी बुडाशी बोट फिरवायचं. बोटाला बारीक माती लागली, तर ती तुमच्या पाळीच्या पोटातली. पायथ्याशी तांबूस, बुळबुळीत साय दिसली तर मात्र घाबरू नका, ते लोहाचे जिवाणू असतात. निम्मे लोक त्यालाच माती समजून ओरडतात. एक बादली भरायला किती वेळ लागतो तेही भिंतीवर लिहून ठेवा, आणि बोडीतलं पाणी तेवढंच असताना पुन्हा मोजा. पातळी तीच आणि बादली लवकर भरू लागली, तर पाणी कमी करायची वेळ आली. तेही हळूहळू, दिवसाला वीतभर. तुडुमाची, म्हणजे बोडीतलं पाणी सोडायच्या वाटेची, सगळी दारं एकदम काढलीत, तर पाण्याकडची भिजलेली बाजू आधार जाऊन घसरते.

खेकडे आहेत का तेही बघा. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी खापर खेकड्यांवर फोडलं आणि महाराष्ट्रभर हसू झालं. हसणं रास्तच होतं, गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. पण बोडीसारख्या अंगाने बारीक पाळीत खेकडा, घूस, वाळवी यांची बिळं खरंच पाण्याला वाट देतात. धान करणाऱ्याला धुऱ्यातून (बांधातून) बांधी रिती होणं नवीन नाही.

मोहाची झाडं जिवंत आहेत तोवर राहू द्या. झाड तोडलं की मुळं कुजतात आणि पाळीत नळ्या उरतात. एखादं वाळलंच, तर उन्हाळ्यात बोडी उतरल्यावर बुंध्यासकट खोदा, आणि त्याच जातीची माती वीतभराच्या थरांनी, ओलसर करून, धुम्मसाने ठोकत भरा. मुठीत दाबली की लाडू व्हावा, हाताला चिकटू नये, एवढीच ओल. नुसता जेसीबीने ढीग टाकून वर चाक फिरवलं तर ती दुरुस्ती पहिल्या पावसात बसते.

सरकारी तपासणीची वाट बघत असाल तर सांगतो, २०२१ चा धरण सुरक्षा कायदा पंधरा मीटरवरच्या धरणांना लागतो, आणि दहा ते पंधरा मीटरमधल्या काहींना. तुमची बोडी त्याच्या जवळपासही नाही. १९५०-५१ मध्ये मालगुजारी (इकडची जमीनदारी) गेली, मोठे तलाव सरकारकडे गेले, बऱ्याच बोड्या मात्र शेतकऱ्यांच्या सातबाऱ्यावरच राहिल्या. म्हणजे जबाबदारीही तुमचीच. इंग्लंडात एका गिरणीवाल्याच्या तळ्याचं पाणी शेजारच्या कोळशाच्या खाणीत शिरलं होतं. त्याची स्वतःची चूक नसतानाही भरपाई त्यालाच द्यावी लागली. १८६८ चा तो निकाल आपल्याकडचे वकील अजून शिकतात.

त्या चार घरांचे फोन नंबर आजच घ्या.

आणि गोण्या आणल्याच असतील तर परत देऊ नका. वाळू भरून पाळीमागे उंच जागी रचून ठेवा. रात्री पायथ्याशी गढूळ झरा फुटला, तर त्याचं तोंड बुजवायचं नाही, बुजवलं तर पाणी दुसरीकडून निघतं. भोवती गोण्यांचं कडं करायचं, आत आधी वाळू, वर गिट्टी, वर दगड टाकायचे. पाणी येऊ द्यायचं, माती अडवायची. आणि त्याआधी एकाला त्या घरांकडे पळवायचं.