निरोपाला हायडनची ४५वी सिम्फनी

प्रश्न : आमच्या हौशी ऑर्केस्ट्राचे कंडक्टर निवृत्त होत आहेत. निरोपाला संगीतकार हायडनची ४५वी सिम्फनी, म्हणजेच ‘फेअरवेल’ (निरोप), वाजवतोय. वादक एकेक करून उठून जातात, तो भाग कसा बसवावा?

उत्तर : निवड सुरेख आहे. १७७२ची ही रचना एस्टरहाझा या हंगेरीतल्या राजवाड्यातल्या दरबारी वादकांसाठी लिहिलेली. शेवटच्या अडाजिओत (संथ भागात) आधी पहिला ओबो आणि दुसरा हॉर्न उठतात, मग बसून हे फुंकवाद्य (bassoon), दुसरा ओबो आणि पहिला हॉर्न, डबल बास, चेलो, बाकीची व्हायोलिनं, व्हायोला. उरतात दोन व्हायोलिनं, म्यूट (आवाज दबवणारी चिमटी) लावलेली.

घोळ होतो तो चालण्यात. खुर्च्यांमधून मोकळी वाट ठेवा, बूट मऊ तळाचे हवेत. डबल बास उचलून नेऊ नका, तिथेच आडवा ठेवा. मेणबत्त्या टाळा, स्टँडचे बॅटरीवरचे दिवे पुरतात.

खरी मेहनत शेवटी उरणाऱ्या त्या दोन व्हायोलिनवादकांची. शेवट एफ शार्प मेजर या स्केलमध्ये आहे, त्यात सहा शार्प (तीव्र केलेले) स्वर. व्हायोलिनची एकही मोकळी (बोटाने न दाबलेली) तार या स्केलमध्ये बसत नाही, म्हणून सूर चटकन घसरतो. दोघांनी वेगळी तालीम करावीच. व्हायोला गेल्यावर कंडक्टरांनीही छडी ठेवून निघावं. पुढचं दोघं एकमेकांकडे बघून वाजवतील. टाळ्या लवकर पडू नयेत म्हणून कार्यक्रमपत्रिकेत एक ओळ छापा.