लस मांडीत नि दंडात देतात, मग कमरेत का नाही?

प्रश्न : माझ्या बाळाला दीड महिन्याचे डोस दिले. दोन्ही मांड्यांत एकेक सुई आणि वर उजव्या दंडात अजून एक! रात्रभर किरकिरत होतं. सासूबाई म्हणतात आमच्या वेळी कमरेत द्यायचे, पुढच्या वेळी सिस्टरना तसंच सांग. सांगू का?
- एक आई, कसबा बावडा, कोल्हापूर

उत्तर : नका सांगू ताई. सांगितलंत तरी सिस्टर ऐकणार नाहीत आणि तेच बरोबर आहे.

कमरेत, म्हणजे खरं तर कुल्ल्यावर, एवढ्याशा बाळाला स्नायू फारसा नसतोच, चरबीच जास्त, आणि तिथूनच पायाकडे जाणारी मोठी नस जाते, सुई तिला लागली तर पाय लुळा पडायची भीती असते. शिवाय लस चरबीत अडकली की नीट काम करत नाही, कावीळ बी (हिपॅटायटिस बी) आणि रेबीजच्या लशीबाबत हे स्पष्ट दिसलंय, म्हणून या लशी मोठ्या माणसांनाही कुल्ल्यावर देत नाहीत, दंडात देतात. बाळाचा दंड अजून बारीक असतो, त्याच्याकडं सगळ्यात भरलेला स्नायू म्हणजे मांडीची बाहेरची बाजू. म्हणून पेंटा, म्हणजे पाच रोगांवरची एकच लस, डाव्या मांडीत, न्यूमोनियाची पीसीव्ही उजव्या मांडीत. वेगवेगळ्या मांडीत दिल्यानं सूज आली तर कुठल्या लशीनं आली तेही कळतं.

मग दंडातली ती तिसरी सुई कशाला? ती पोलिओची, आणि ती स्नायूत जातच नाही, कातडीतच देतात. कातडीत रोगजंतू ओळखणाऱ्या पेशी भरपूर असतात त्यामुळं तिथं ०.१ मिलीवर भागतं, स्नायूत द्यायची तर ०.५ मिली लागते. पण सगळ्याच लशी कातडीत चालत नाहीत हं, पेंटामध्ये ॲल्युमिनियमचा क्षार असतो, तो वरवर राहिला तर गाठ येते, म्हणून ती खोल स्नायूत. जन्मल्यावर डाव्या दंडात दिलेली क्षयरोगाची लस, बीसीजी, हीही कातडीतलीच. तिथं काही आठवड्यांनी फोड येतो, फुटतो, व्रण राहतो, हे व्हायचंच असतं, त्यावर हळद, तेल, मलम काहीही लावू नका. आणि पोलिओचे थेंब तोंडातून देतात कारण पोलिओचा विषाणू आतड्यात वाढतो, म्हणून तिथंच पहारा बसवायचा.

आता रात्रीच्या किरकिरीचं. सुईच्या जागी चोळू नका, शेकू नका, गार पाण्यात पिळलेलं स्वच्छ फडकं ठेवा, अंगावर पाजत राहा. तापाचं औषध सिस्टरनी बाळाच्या वजनावरून सांगितलंय तेवढंच द्यायचं. ताप दोन दिवसांवर गेला किंवा बाळ दूधच ओढेना तर थांबू नका, सरळ दवाखाना गाठा.

सासूबाईंना एवढं नक्की सांगा, अडीच महिन्याला एकच सुई आहे, पेंटाची, डाव्या मांडीत, बाकी थेंब. साडेतीनला मात्र परत तीन, तेव्हा कार्ड घेऊन जा आणि सुई टोचताना बाळाला मांडीवर घट्ट धरून पाजत बसा, रडणं खरंच कमी होतं.