रॅकेट ठेवायची की सीएचं पुस्तक?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र मिळालं. लेक बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला, कॉलेजच्या टेनिस संघात. तिला पुढे स्वतःचा व्यवसाय करायचाय, चाळिशीच्या आत महापालिकेतही जायचंय. वडील म्हणतात, रॅकेट बाजूला ठेव आणि सीए कर. तुमचा प्रश्न एवढाच, की टेनिसमध्ये गेलेली वर्षं वाया जाणार का?

मला टेनिसपटू हॅम रिचर्डसन आठवला. अमेरिकेतल्या बॅटन रूजचा मुलगा, किशोरवयातच मधुमेह जडलेला. ट्युलेन विद्यापीठाकडून खेळताना 1953 आणि 1954 असा लागोपाठ दोनदा आंतरविद्यापीठ एकेरीचा विजेता. मग ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला. 1956 मध्ये विम्बल्डनची उपांत्य फेरी, 1956 आणि 1958 मध्ये अमेरिकेच्या क्रमवारीत पहिला. पुढे मात्र तो लुईझियानाचे सिनेटर रसेल लाँग यांच्याकडे सहायक झाला आणि नंतर न्यूयॉर्कमध्ये गुंतवणुकीच्या धंद्यात रमला.

त्या काळी मोठ्या स्पर्धा हौशी खेळाडूंच्याच होत्या. बक्षिसाची रक्कम आली ती 1968 पासून. म्हणजे देशात पहिला आलेला माणूसही पोटापाण्याचं वेगळं बघत होता. ऑक्सफर्डचं दार नुसत्या फोरहँडने उघडत नाही, त्याला गुणपत्रिकाही लागते. टेनिसमुळे ओळख झाली असेल, पण कामाला आला तो अभ्यास. (वडिलांना हे नक्की वाचून दाखवा, पण पुढचंही वाचा.)

राजकारणाबद्दल तुमच्या लेकीचा घोळ झालाय असं मला वाटतं. राजकारण म्हणजे थेट निवडणूक असं ती धरून चाललीय. रिचर्डसनचं काम मात्र दुसऱ्याच्या कार्यालयात बसून करायचं होतं. आपल्याकडे तसं शिकायचं असेल तर पदवीनंतर पीआरएस या संसदेच्या कामावर संशोधन करणाऱ्या संस्थेची 'लँप' फेलोशिप आहे. त्यात पंचविशीपर्यंतची पदवीधर मुलं एखाद्या खासदाराबरोबर संसदेच्या कामाचा अभ्यास करतात. नगरसेवक व्हायला किमान वय 21 लागतं, पण वॉर्डातली गटारं, पाणी आणि कर यांची फाईल कशी हलते हे तोवर कळलेलं हवं.

सीएचं म्हणाल, तर आर्टिकलशिपची, म्हणजे एखाद्या सीएच्या हाताखाली उमेदवारीची, दोन वर्षं दिवसभराची असतात. तेव्हा सामने आणि आर्टिकलशिप एकत्र रेटू नका. पदवीपर्यंत खेळू द्या, फाउंडेशन या सीएच्या पहिल्या परीक्षेची गरज नसलेला पदवीधरांचा थेट प्रवेशाचा मार्ग नंतरही आहेच, त्यासाठी कॉमर्सला 55 टक्के लागतात. तिला आत्ता किती आहेत, ते तुम्ही लिहिलेलं नाही.

कोच, प्रवास, तार बदलणं, बूट असा टेनिसवरचा वर्षाचा खर्चही तिलाच लिहून काढायला सांगा. व्यवसाय करायचाय ना? मग पहिला हिशोब तिचा स्वतःचा. तो कागद आणि गेल्या दोन सत्रांच्या गुणपत्रिका पाठवा, मग पुढचं बोलू.