सिग्नल फुल्ल, नेट मात्र गुल!

प्रश्न : आमचं होस्टेल रत्नागिरीकडचं, दुपारी कॅम्पसचं वायफाय मस्त पळतं पण रात्री नऊनंतर दांड्या सगळ्या दिसतात आणि व्हिडिओ नुसता गरगरत बसतो, काय करू?

उत्तर : अरे, दांड्या दिसल्या म्हणजे रस्ता मोकळा असं नाही. रात्री खोलीखोलीत हॉटस्पॉट नाहीतर घरनं आणलेले राउटर चालू होतात, आणि वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांत न घुसणारे चॅनल (म्हणजे लहरींच्या वाटा) तीनच धरतात, १, ६ आणि ११, मग शिमग्याच्या ढोलात शेजारच्याचं ऐकू येत नाही ना, तसं होतं. मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात लुडबुडतो. आधी हॉटस्पॉट बंद करायला लाव (भांडण होईल, होऊ दे), मग फोन वायफायच्या दुसऱ्या, ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर जोड. फक्त जांभ्याच्या जाड भिंतीत ते लवकर दमतं, तेव्हा दार उघडं ठेवून बघ.